कॅन्ससच्या खडूतलं ते ‘लाकूड’ खरं तर शिंपला आहे

नमस्कार बाई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकच्या निवृत्त विज्ञानशिक्षिका, सध्या विचिटाला मुलीकडे आहात. कॅन्सस राज्यातल्याच गोव्ह काउंटीत जावयांच्या ओळखीच्या एका रँचवर, मालकाच्या परवानगीनं फिरताना नातवाला तळहाताएवढा एक तुकडा सापडला. कडेला बारीक तंतू, एका अंगावर गोल-गोल उंचवटे. जावई म्हणतात दगड झालेलं लाकूड, नातू म्हणतो डायनोसॉरचं हाड. हे नक्की काय आहे, कसं जपायचं, अमेरिकेच्या मधोमध समुद्र आला कुठून, इथे अख्खे मासे कसे मिळतात आणि आपल्याकडे असं काही आहे का, असे तुमचे प्रश्न.

तुमच्या फोटोंवरून सांगतो, लाकूडही नाही आणि हाडही नाही. तो शिंपल्याचा तुकडा आहे. इनोसेरॅमिड नावाचं शिंपल्यांचं एक मोठं कुळ होतं, आता नामशेष झालेलं. त्यातला हा बहुधा प्लॅटिसेरॅमस प्लॅटिनस. अख्खा असता तर सहज मीटरभर रुंद भरला असता. तीन मीटरपर्यंतचेही नमुने नोंदलेले आहेत. जाडी मात्र त्या मानानं अगदीच कमी. म्हणून तो उघडा पडला की ऊन-थंडीनं फुटून त्याच्या चिपा होतात, आणि उतारभर विखुरलेल्या त्या चिपांवरून लोक पाय देत पुढे जातात. तिथला खडक म्हणजे खडू, मऊ चुनखडकच; याच खडूतली हाडं साफ करण्यात माझं आयुष्य गेलं. लोक मोठ्या आशेनं ‘हाड’ म्हणून जे आणून देतात, त्यातलं बरंचसं हेच निघतं.

खात्री करायची असेल तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि तुकड्याची ताजी तुटलेली कड उन्हात धरा. पृष्ठभागाला काटकोनात उभे असलेले, एकमेकांना चिकटलेले बारीक चकचकीत खांब दिसतील. हे कॅल्साइटचे स्फटिक. तुम्हाला ‘तंतू’ वाटले ते हेच. लाकडाचे तंतू फळीच्या लांबीनं धावतात, इथे ते जाडीतून आरपार उभे आहेत; एवढा फरक पुरेसा आहे. हाडात आतून छिद्रंछिद्रं, जाळी दिसते आणि या खडूत हाडांचा रंग बहुतेक तपकिरी असतो. दुसरी चाचणी तुम्ही वर्गात केलेलीच असेल: कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब. शिंपला फसफसेल. हाड स्वतः फसफसत नाही, पण त्याला चिकटलेला खडू फसफसतो, आणि त्यानं बरेच जण फसतात. थेंब टाकायचा तो खराब कडेवरच, चांगल्या अंगावर नाही. शाळेतल्या खडूवर हीच चाचणी करून पाहिलीत तर बहुधा काहीच होणार नाही, कारण हल्लीचे फळ्यावरचे खडू बहुतेक जिप्समचे असतात. तुमच्या नातवाच्या पायाखाली होता तो अस्सल खडू.

आता ते गोल उंचवटे. ती कालवं आहेत, स्यूडोपर्ना कंजेस्टा जातीची, शिंपल्याच्या पाठीवर दाटीवाटीनं वाढलेली. मला विचाराल तर तुमच्या तुकड्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. मोसासॉरच्या, म्हणजे त्या काळच्या अवाढव्य समुद्री सरीसृपाच्या, मागे धावणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आधी हा शिंपला नीट बघा. या समुद्राचा तळ कसा होता ते तोच सांगतो, आणि तळ कळला की अख्खे मासे का मिळतात तेही कळतं.

तर समुद्राबद्दल. क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळात जगभर समुद्राची पातळी खूप वर होती. त्यात उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला डोंगर उभे राहत होते आणि त्यांच्या भारानं पूर्वेकडचं भूकवच खाली दबत होतं. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पाणी भरलं. खंडाचे दोन तुकडे झाले, पश्चिमेचा लॅरॅमिडिया आणि पूर्वेचा अ‍ॅपलाचिया. मधल्या पाण्याला वेस्टर्न इंटीरियर सीवे म्हणतात. कॅन्सस त्याच्या पूर्वेकडच्या भागात, किनाऱ्यापासून बरंच आत होतं. नद्यांचा गाळ तिथवर फारसा पोचत नसे. तळाशी साचत होते ते मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे चुन्याचे कण, म्हणजे कोकोलिथ. एकेक कण काही मायक्रॉनचा. सुटा असता तर तळ गाठायला त्याला फार काळ लागला असता. पण शैवाल खाणारे बारीक जीव त्यांची विष्ठेत गोळी करून टाकत आणि ती गोळी भरकन खाली जाई. ताज्या खडूचा तुकडा भिंगाखाली धरलात तर करड्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके दिसतील, ते हे. नातवाला सांगा, आवडेल त्याला.

या खडकाला नायोब्रारा फॉर्मेशन म्हणतात. मीक आणि हेडन या भूशास्त्रज्ञांनी 1862 मध्ये हे नाव दिलं. त्याचे दोन भाग: खाली फोर्ट हेज चुनखडक, वर स्मोकी हिल खडू. तुमचा तुकडा वरच्यातला. स्मोकी हिल खडू सुमारे 180 मीटर जाड आहे आणि तो साधारण 8 कोटी 70 लाख ते 8 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीच्या काळात साचला. हिशेब केलात तर दबलेल्या खडूचा एक मिलिमीटर साचायला जवळपास 28 वर्षं लागलेली दिसतात. (विचिटाहून जाताना रस्त्याच्या कडेला कुंपणाचे दगडी खांब दिसले असतील. ते याहून जुन्या, ग्रीनहॉर्न चुनखडकाचे. त्यातही इनोसेरॅमिड असतात, पण वेगळ्या जातींचे. खांबात शिंपला दिसला म्हणून तो नायोब्रारा समजू नका.)

हा 28 वर्षांचा आकडा कळला की चांगला विद्यार्थी लगेच हात वर करतो: मग चार मीटरचा मासा झाकला कसा जाईल? तो तर त्याआधी कुजून, विखरून जायला हवा. बरोबर आहे. म्हणूनच तळाकडे बघायचं. तळाचा चिखल इतका पातळ होता की वर पडलेलं धूड त्यात काही अंशी बुडतच असे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळाशी प्राणवायू जवळजवळ नव्हता. खेकडे नाहीत, बिळं करणारे किडे नाहीत, मेलेलं ओढून-तोडून खाणारं तळाशी कोणी नाही. इंग्लंडच्या पांढऱ्या खडूत समुद्री अर्चिन सापडतात, बिळांच्या खुणा सापडतात. स्मोकी हिलच्या खडूत मात्र पातळ थर एकावर एक न विस्कटता टिकलेले दिसतात. खालच्या फोर्ट हेजमध्ये बिळांनी सगळं ढवळून निघालंय, आणि तिथे अख्खे सांगाडे मिळत नाहीत म्हणून कोणी फारसं फिरकत नाही. दोन थर एकमेकांना चिकटून आहेत, फरक आहे तो तळाच्या हवेचा.

मग अशा तळावर तुमचा शिंपला जगला कसा? एवढा रुंद आणि पातळ असल्यानं वजन पसरून तो मऊ चिखलावर पडून राही, बुडत नसे. कमी प्राणवायूतही तो तग धरत असावा. कसा, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण मैलोन्‌मैल पसरलेल्या त्या पातळ चिखलात कठीण जागा अशी तीच एक. कालवांची पिल्लं बसायला जागा शोधत ती त्याच्या पाठीवर. कठीण जागेला चिकटून राहणारे बार्नेकलही तिथेच. एवढंच नाही, काही शिंपले मिटलेल्या स्थितीत उघडले तेव्हा आत छोटे मासे सापडले, एकाच शिंपल्यात अनेक, त्यात वामेसारखी लांबट जातही होती. बहुधा ते आसऱ्याला आत राहत असावेत. काहींत मोतीही मिळालेत, अर्थात चमक गेलेले. मोठ्या संग्रहालयांत मोसासॉर छताला टांगलेला असतो आणि हा शिंपला जिन्याखाली ठेवलेला असतो. मला हे कधीच पटलेलं नाही.

त्या शिंपल्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा. त्याचा बाहेरचा थर कॅल्साइटचा, तो टिकला. आतला मोत्यासारखा थर अ‍ॅरागोनाइटचा. रसायन तेच, कॅल्शियम कार्बोनेट, पण अ‍ॅरागोनाइटची रचना कमी स्थिर. या खडूत तो विरघळून गेला. याचा परिणाम फार मोठा आहे. अमोनाइट म्हणजे वेटोळ्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्रजीव. त्यांचं कवच पूर्ण अ‍ॅरागोनाइटचं. या समुद्रात अमोनाइट भरपूर होते, शेजारच्या इतर खडकांत ते ढिगानं मिळतात. इथे मात्र हाती लागतो तो फक्त दाबलेला ठसा, किंवा त्यांच्या जबड्याचा कॅल्साइटचा भाग. कधी गंमत होते: कालवं अमोनाइटच्या कवचावर वाढलेली असतात, कवच विरघळतं, कालवं उरतात आणि त्यांच्या बुडावर त्या नाहीशा झालेल्या कवचाची नक्षी उमटलेली असते. तेव्हा इथे ‘सापडत नाही’ याचा अर्थ ‘नव्हतं’ असा लगेच काढू नये. तुमच्या कालवांच्या कडेनंही एकदा भिंग फिरवा.

अख्ख्या माशांचं म्हणाल तर हेज गावातलं स्टर्नबर्ग संग्रहालय चुकवू नका. परतीच्या वाटेवर आहे. तिथे झिफॅक्टिनस जातीचा सुमारे 14 फुटी मासा आहे आणि त्याच्या पोटात जवळपास 6 फुटी गिलिकस हा दुसरा मासा, डोक्यापासून शेपटीपर्यंत शाबूत. जॉर्ज स्टर्नबर्गनी तो 1952 मध्ये काढला. पचायला सुरुवातही झाली नाही, म्हणजे गिळल्यावर थोड्याच वेळात मोठा मासा मेला आणि तळाशी गेला. गिळलेल्याच्या धडपडीनं मेला असं सांगतात. असेलही, पण पुरावा फक्त लगेच मेला एवढाच आहे. जॉर्जचे वडील चार्ल्स स्टर्नबर्ग 1876 पासून या खडूत जीवाश्मशास्त्रज्ञ कोप यांच्यासाठी जीवाश्म गोळा करत होते. कोप आणि येल विद्यापीठाचे जीवाश्मशास्त्रज्ञ मार्श यांचं वैर तुम्ही वाचलं असेल. त्या भांडणाचा बराच भाग याच उतारांवर घडला.

मार्श 1870 मध्ये येलचे विद्यार्थी घेऊन आले तेव्हा त्यांना एका पोकळ हाडाचा तुकडा मिळाला. तो उडणाऱ्या सरीसृपाच्या पंखाचा निघाला, उत्तर अमेरिकेतला पहिला. पुढे 1876 मध्ये त्याचं नाव टेरानोडॉन ठेवलं. आज त्याचे हजाराहून जास्त नमुने आहेत, आणि जवळजवळ सगळे कागदासारखे चपटे. हाडाची भिंत जेमतेम मिलिमीटरभर. वरच्या चिखलाच्या भारानं ती चेपली. साफ करायला याच्याइतकं जिवावर येणारं काम दुसरं नाही. एका नमुन्याच्या मानेच्या मणक्यात क्रेटोक्सिऱ्हायना शार्कचा दात रुतलेला आहे. त्याचं सविस्तर वर्णन 2018 मध्ये प्रसिद्ध झालं.

दातांच्या पक्ष्यांचा किस्साही इथलाच. बेंजामिन मज यांनी 1872 मध्ये एका छोट्या पक्ष्याचा सांगाडा काढला, इक्थिऑर्निस. सोबत दात असलेले जबडे होते. मार्शना वाटलं, हे जबडे वेगळ्याच लहान सरीसृपाचे. पुढे नीट साफसफाई झाल्यावर कळलं की दात पक्ष्याचेच. मार्श यांचा या पक्ष्यांवरचा ग्रंथ 1880 मध्ये आला तेव्हा डार्विननी त्यांना पत्र लिहून दाद दिली. हेस्परॉर्निस हा पोहणारा, न उडणारा मोठा पक्षीही याच खडूतला, पण त्याच्या वरच्या भागातला.

वरचा, खालचा हे कसं ओळखायचं, हा पुढचा मुद्दा. 180 मीटर खडू लांबून एकसारखाच दिसतो. पण त्यात शंभराहून जास्त बारीक गंजट पट्टे आहेत, काही बोटभर, काही सुरीच्या पात्याएवढे. पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख वाऱ्यावर येऊन पाण्यात पडली, तिची ही माती: बेंटोनाइट. डोनाल्ड हॅटिन यांनी 1982 मध्ये अशा पट्ट्यांवरून आणि खडूच्या ठळक थरांवरून 23 खुणेचे थर ठरवून दिले. रानात काम करणारे आजही तेच वापरतात. युइन्टाक्रायनस नावाची देठ नसलेली समुद्रलिली (हा फुलासारखा दिसणारा प्राणी) फक्त ठरावीक उंचीवर मिळते. टायकोडस या शिंपले चिरडणाऱ्या शार्कचे दात प्रामुख्यानं खालच्या भागात. म्हणून तुमचा तुकडा कोणत्या पट्ट्याच्या किती वर किंवा खाली पडला होता, ही नोंद तुकड्याइतकीच महत्त्वाची. नातवाला जागा आठवत असेल तर आजच लिहून ठेवा, फोनवर ठिकाणाचे आकडे असतील तर तेही. नोंद नसलेला सुंदर नमुना माझ्या लेखी शोभेची वस्तू आहे.

आता जपणूक. सर्वांत आधी, पाण्यात घालू नका. स्मोकी हिलचा खडू शुद्ध नाही, त्यात माती आहे. ओला झाला की फुगतो, वाळला की तडकतो. उन्हातही ठेवू नका. आठवडाभर सावलीत, वर्तमानपत्रात सैल गुंडाळून वाळू द्या. मग रंगकामाचा मऊ ब्रश आणि बांबूची टोकदार काडी घेऊन खडू काढा. लोखंडी टोक वापरू नका. शिंपला खडूपेक्षा कठीण असला तरी त्याचे उभे स्फटिक कडेनं सुटतात. कालवांच्या आजूबाजूचा खडू शेवटी काढा, किंवा राहू द्या.

तुकडा भुरभुरत असेल तर पॅरालॉइड बी-72 नावाचा राळेसारखा पदार्थ अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून, साधारण पाच टक्के, पातळ हात द्या. एक हात मुरला की दुसरा. पृष्ठभाग चमकायला लागला म्हणजे जास्त झालं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस नको, नातू तेव्हा खोलीत नको. फेव्हिकॉल किंवा वॉर्निश अजिबात नको. बी-72 दहा वर्षांनीही अ‍ॅसिटोननं काढता येतो. फेव्हिकॉल लावलेला नमुना पुन्हा नीट साफ करणं म्हणजे शिक्षा. आणि काही पांढरे सुयांसारखे स्फटिक वाढताना दिसले तर ते जिप्सम. खडूतला पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, हवेशी मिळून आम्ल तयार करतो, आम्ल चुन्याशी मिळून जिप्सम करतं, आणि ते जिप्सम वाढता-वाढता जीवाश्म फोडतं. ताज्या करड्या खडूचा उघड्यावर पिवळा रंग होतो तोही याच पायराइटमुळे. उपाय एकच, कोरडी जागा. रानात चकचकणारे पारदर्शक पापुद्रे दिसतात तेही जिप्समच, पोरं ते जीवाश्म म्हणून खिसे भरून आणतात.

पुन्हा त्या रानात गेलात आणि खरंच हाड दिसलं तर? उपटायचं नाही. मणका असेल तर ओळख सोपी आहे: दोन्ही बाजूंनी खोलगट, मध्ये बारीक, डमरूसारखा, तर मासा. एक बाजू वाटीसारखी आणि दुसरी गोलाकार फुगीर, तर मोसासॉर. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागेची नोंद करा, थोडी माती परत ओढा आणि मालकाला सांगा. इथे खासगी जमिनीतला जीवाश्म जमीनमालकाचा असतो, त्यामुळे तो शिंपल्याचा तुकडाही त्याला दाखवून, विचारून मगच घरी न्या. सांगाडा निघाला तर संग्रहालयाचे लोक उघड्या पडलेल्या, झिजलेल्या अंगावरच प्लास्टर ओततात, अख्खी लादी उलटी करतात आणि खालच्या बाजूनं साफ करतात, कारण ती बाजू हवेला लागलेलीच नसते. स्टर्नबर्ग पितापुत्रांनी ही पद्धत रुळवली. मॉन्युमेंट रॉक्स बघायला जा, सुमारे 20 मीटर उंचीचे खडूचे सुळके आहेत, 1968 पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून नोंदलेले. पण तीही खासगी जमीन आहे. बघायचं आणि यायचं, उचलायचं काही नाही. 2019 मध्ये खुलं झालेलं लिटल जेरुसलेम उद्यान जवळच आहे, तिथेही तोच नियम.

नातवाची निराशा थोडी कमी करतो. या खडूत डायनोसॉर मिळाले आहेत, अगदी मोजके. क्लेओसॉरस, नायोब्रारासॉरस वगैरे. ते समुद्रात राहत नव्हते. नदीनं वाहून आणलेलं, फुगलेलं धूड तरंगत दूरवर आलं आणि वायू निघून गेल्यावर बुडालं. त्यातले बहुतेक चिलखती नोडोसॉर आहेत. त्याला सांगायचं की मिळालाच तर बहुधा चिलखतीच मिळेल.

शेवटचा प्रश्न, आपल्याकडे असं काही आहे का. नाशिकच्या आसपास नाही. तिथला बेसाल्ट या खडूनंतर बऱ्याच काळानं, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी ओतला गेला आणि खाली जे असेल ते झाकून टाकलं. पण धुळ्यावरून वर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात गेलात, बाघ छपाईचं ते बाघ, तर तिथे नर्मदेच्या खोऱ्यात क्रिटेशस समुद्राचे थर उघडे आहेत. पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आत शिरला होता. त्याचे वरचे थर स्मोकी हिल खडूच्या काळाच्या जवळपासचे. तो उथळ, हवा खेळती असलेला समुद्र होता, म्हणून तिथे सांगाड्यांऐवजी कालवं, अर्चिन आणि ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे बारीक समुद्रजीव, मिळतात. आणि अमोनाइटही, त्यात प्लॅसेंटिसेरास हा वंश आहे, जो अमेरिकेच्या या समुद्रातही होता. त्या भागातली काही ठिकाणं संरक्षित आहेत, तेव्हा जाण्याआधी इंदूर किंवा धारच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र शिकवणाऱ्यांना विचारून घ्या. जायचं तर हिवाळ्यात, पावसाळ्यात ओढे भरलेले असतात आणि थर दिसत नाहीत.